क्रूझर खेड्यात विकता, तर तिची सर्व्हिसही खेड्यात आणा

सोयाबीन निघालं आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या पोरांचा एकच प्रश्न सुरू होतो. "भाऊ, क्रूझर घेऊ काय?" क्रूझर म्हणजे खाली, रुंद सीटची आणि पाय पुढे ठेवून बसायची मोटरसायकल. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला तेव्हापासून तर हा प्रश्न फारच वाढला. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकतो. मी शेतकरी आहे, काही वर्षांपासून क्रूझर वापरतो, ती वावराकडेही नेतो आणि नागपूरलाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचं आहे ते एका कंपनीपुरतं नाही.

आधी गाडीबद्दल. गाडी चांगली आहे आणि मला ती मनापासून आवडते. पांढरकवड्याहून हायवे 44 ला लागलं की करंजी, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी हा सगळा पट्टा ती सत्तरच्या स्पीडने आरामात काढते. पुढचा फोर्क पुढे झुकलेला आणि दोन्ही चाकांतलं अंतर जास्त, म्हणून सरळ रस्त्यावर ती हलत नाही. बाजूने कंटेनर गेला तरी हँडल घट्ट धरून बसावं लागत नाही. (समृद्धीवर दुचाकी चालत नाही, हे काही जणांना गाडी घेतल्यावर कळतं, म्हणून इथेच सांगून ठेवतो.) आईचे गुडघे दुखतात. बाकीच्या गाड्यांवर चढायला तिला ओट्याचा आधार लागायचा. हिची मागची सीट खाली आणि रुंद, पाठीला टेकू, त्यामुळे ती कळंबच्या चिंतामणीला दर्शनाला स्वतःहून चल म्हणते. एवढ्यासाठीसुद्धा मी ही गाडी विकणार नाही.

आपल्याकडे ही बैठक काही नवी नाही. 2001 ला बजाजने कावासाकीची एलिमिनेटर आणली, 2002 ला थंडरबर्ड आली, 2005 ला अ‍ॅव्हेंजर, 2020 ला मिटिऑर. म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ क्रूझर भारतात विकली जाते. एवढ्या काळात तिचा गिऱ्हाईक बदलला. आता ती पुण्या-मुंबईच्याच पोराची राहिलेली नाही. आमच्या बाजाराच्या दिवशी पानठेल्यासमोर किती क्रूझर उभ्या असतात ते येऊन पाहावं. गिऱ्हाईक खेड्यात आला, पण विकल्यानंतरची व्यवस्था मात्र शहरातच थांबली. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे.

काळ्या मातीत ज्याने गाडी घातली नाही त्याला पुढचं पटणार नाही. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की पांदणीतली माती चाकाला धरते आणि चाकासोबत वर चढते. माझ्या गाडीचं पुढचं मडगार्ड टायरला अगदी बिलगून आणि खोल आहे. शंभर पावलं गेलो नाही तोच मधली फट माती, गवताची मुळं आणि मागच्या वर्षीचा काडीकचरा यांनी ठासून भरते. मग चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं घासत जातं. इंजिन ओढतं, मागचं चाक जागीच खड्डा करतं, आणि पुढचं चाक नांगराच्या फाळासारखं तास पाडत जातं. उतरून तुराटीने माती कोरायला घ्यावी तर तुराटी मोडते. स्क्रू ड्रायव्हर घातला तर तो रुतून बसतो. शेवटी बोटं घालून मातीच्या वळकट्या ओढून काढाव्या लागतात, आणि डावीकडची निघेपर्यंत उजवीकडची वाळून घट्ट झालेली असते. शंभर सीसीची गाडी एकशे दहा-बारा किलोची, दोघं मिळून उचलून धुऱ्यावर ठेवतात. क्रूझर एकशे साठपासून एकशे नव्वद किलोपर्यंत. ती चिखलात बसली की वावरातली सगळी माणसं बोलवावी लागतात.

त्यात पाय ठेवायची जागा पुढे, म्हणून सगळा भार माकडहाडावर. खड्डा दिसला की फूटरेस्टवर उभं राहून अंग हलकं करायची सोय नाही. म्हणून मृगापासून पोळ्यापर्यंत माझी क्रूझर डांबरी रस्त्याच्या काठाला एका ओळखीच्या घरी उभी असते आणि वावरात जुनी शंभर सीसीच जाते.

डांबरी रस्त्यावरही पावसाळ्यात सावध राहा. ट्रॅक्टर वावरातून रस्त्यावर चढतो तेव्हा चाकांची माती तिथेच सांडतो. त्यावर पाण्याचा शिरवा आला की वळणावर साबण पसरल्यागत होतं. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) सक्तीचं आहे, पण बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक लॉक होऊ शकतं. आणि सुट्या मुरमावर एबीएस ब्रेक सोडत-धरत राहतं, म्हणून गाडी आपल्या अंदाजापेक्षा पुढे जाऊन थांबते. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूने रात्री येताना रोही आणि रानडुकरं कधी आडवी येतील याचा नेम नाही. हेल्मेट घाला. बाजारात जायचं असलं तरी घाला.

सामानाचं बाबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "गाडी पाह्यले चांगली हाय, पण चुंगडं कुठी ठेवू हिच्यावर?" त्यांचं बरोबर आहे. युरियाची गोणी 45 किलोची. साध्या गाडीवर ती मागे आडवी टाकून दोरीने आवळता येते. क्रूझरची मागची सीट वेगळी आणि उतरती, टाकी गोल आणि घसरडी, फवारणीचा पंप अडकवायला धड जागा नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घरात एकच गाडी असेल आणि तिच्यावरच शेती असेल, तर क्रूझर घेऊ नका. दुसरी असेल तर खुशाल घ्या.

पंक्चरचं मात्र नीट ऐका. आमच्याकडे प्रत्येक धुऱ्यावर बाभूळ आहे. अलॉय चाक आणि ट्यूबलेस टायर असेल तर काटा काढला, प्लग मारला, दहा मिनिटांत मोकळे. तारांचं चाक दिसायला सुंदर, पण बहुतेकात ट्यूब असते, आणि ट्यूब म्हटलं की चाक काढणं आलं. आता मागचं चाक काढायचं तर गाडी उभी कशी करायची? डबल स्टँडच नाही! कित्येक क्रूझरसोबत तो येत नाही, वरून पैसे देऊन बसवावा लागतो, आणि काहींना तर बसतच नाही. गावातला पंक्चरवाला बिचारा विटा आणि लाकडाचा ठोकळा लावून दीडशे-दोनशे किलोची गाडी तोलतो आणि मी एका बाजूने धरून उभा राहतो. चेन साफ करायलाही तेच. आमच्या धुळीत चेन पाचशे किलोमीटरला पुसून तेल द्यावंच लागतं, आणि चाक हवेत फिरवता आलं नाही तर ते काम अर्धवटच होतं. हा स्टँड गाडीसोबतच आला पाहिजे. एवढी किंमत घेता, त्यात एक लोखंडी स्टँड जड जायला नको. आणि हवेचा गेज स्वतःचा ठेवा, कारण खेड्यात हवा अंगठ्याने दाबून मोजतात.

आता उंदरांकडे येतो. भाव वाढेल या आशेने कापूस आपण घरातच भरून ठेवतो. गाडीही त्याच छपरीत. सरकीच्या वासाने उंदीर येतात आणि सीटखालची ऊबदार जागा त्यांना आवडते. एका सकाळी बटण दाबलं तर मीटरच लागेना. सीट काढली तर आत कापसाचं घरटं, आणि वायरिंगच्या जुडग्यातल्या तीन-चार वायरी दातांनी सोललेल्या, एक पार तुटलेली. किक नाही, फक्त सेल्फ. ढकलून सुरू करायचा विचार डोक्यातून काढा. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 क्रूझरमध्ये इंधन फ्युएल इंजेक्शनने जातं. वीजच नसेल तर पेट्रोलचा पंप फिरत नाही, मग किती ढकला. नुसती बॅटरी उतरली असेल तर ट्रॅक्टर बंद ठेवून त्याच्या बॅटरीवरून वायर लावता येते, दोन्ही 12 व्होल्टचीच असते. पण कुरतडलेल्या वायरीला तो उपाय चालत नाही.

गाडी पिकअपमध्ये टाकून जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोराने सीटखाली पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, पूर्ण वायरिंग बदलाव लागीन. गाडी ठेवून जा, पार्ट नागपूरहून येईन." कधी येईल? "सांगता येत नाही." खर्च किती? तोही पार्ट आल्यावर. मी म्हटलं, तुटली तेवढी वायर जोडून द्या. तर म्हणे आम्ही जोडत नाही, आणि बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल. आठवड्यामागून आठवडे फोन केले. फोन उचलणारा दर वेळी नवा, आणि मला दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागे. इकडे वेचणीचे दिवस, मजूर आणायचे, पोराला परीक्षेला न्यायचं. शेवटी गाडी तशीच परत आणली. आमच्या गावच्या मिस्त्रीने बाजेवर गाडीचं जुनं पुस्तक उघडून ठेवलं, वायरींचे रंग जुळवले, एकेक जोड डाग देऊन पक्का केला, वरून नळी चढवली आणि संध्याकाळच्या आत गाडी सुरू करून दिली. ती अजून त्याच जोडांवर चालते.

आता मीटरवर पिवळा दिवा लागला की तोच मिस्त्री हात टेकतो. हाताला अक्कल आहे, पण दिवा कशासाठी लागला ते वाचणारा स्कॅनर त्याच्याकडे नाही, आणि कंपनी ती माहिती त्याला देत नाही. म्हणून मला राग येतो. हुशारी गावात आहे आणि माहिती शोरूमच्या कपाटात बंद. क्लच केबल, लिव्हर, इंडिकेटर असल्या साध्या वस्तूंसाठीही जिल्ह्याला खेटे घालायचे. मी क्लचची जास्तीची केबल जुन्या केबलच्या बाजूनेच ओवून टेपने बांधून ठेवली आहे, तुम्हीही ठेवा. छपरीत गाडी असेल तर सीटखाली डांबर गोळ्यांची पुरचुंडी बांधा आणि आठवड्यातून एकदा सीट उघडून पाहा.

पण केबल बांधून ठेवणं हा आपला इलाज झाला. त्यांची जबाबदारी वेगळी आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं. वस्तू विकणाऱ्याने दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग यांची सोय ठेवावी, हा त्यामागचा विचार. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आहेत आणि वाहनंही आहेत. तुमच्या कंपनीने तिथे काय काय दिलं आहे ते गाडी घेण्याआधी बघा. तक्रार असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. शोरूम नागपूरला असलं तरी केस यवतमाळला लावता येते. आपल्यातल्या फार कमी लोकांना हे माहीत आहे, म्हणून शोरूमवाल्यांचं फावतं.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी पंधरवड्यातून एकदा सर्व्हिसची गाडी आली पाहिजे, स्कॅनर आणि रोजचे पार्ट घेऊन. विकायला मंडप टाकता येतो तर दुरुस्तीलाही टाकता येईल. तालुक्यातल्या निदान एका मिस्त्रीला शिकवून त्याच्या हाताला मान्यता द्या. पावसाळ्यासाठी उंच मडगार्ड पर्याय म्हणून ठेवा. आणि वॉरंटी जाईल असं तोंडी सांगून माणसाला घाबरवू नका, कोणत्या कलमाने जाते ते कागदावर लिहून द्या.

घेणाऱ्या पोरांनो, टेस्ट राइड शोरूमसमोरच्या सिमेंट रोडवर घेऊ नका. गाडी आपल्या पांदणीच्या तोंडापर्यंत मागा, मागे आईला किंवा बाबांना बसवा, गावातल्या सगळ्यात उंच स्पीड ब्रेकरवरून घाला आणि खालून घासते का ऐका. अरुंद बोळात एकट्याने मागे घेऊन बघा. अ‍ॅव्हरेज तीस-पस्तीसच्या घरात धरून महिन्याचा पेट्रोलचा हिशेब घरी मांडा. एवढं करून मन होत असेल तर घ्या.

घाटंजी, आर्णी, केळापूर, राळेगाव, मारेगाव या भागात ज्यांच्याकडे क्रूझर आहे त्यांनी खाली लिहा: गाडी कोणत्या साली घेतली, कोणता पार्ट अडला, किती दिवस गाडी उभी राहिली. बिलाचा किंवा सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डचा फोटो असेल तर मला पाठवा. सगळ्यांचं एकत्र करून मी कंपन्यांना पत्र लिहिणार आहे, आणि उत्तर आलं नाही तर तीच फाइल घेऊन यवतमाळच्या ग्राहक आयोगात जाणार आहे. सोबत यायला कोण तयार आहे तेही सांगा.