चिवडा ऐकत नाही, असं मी वर्षभर सांगत फिरत होते

परवा सांगलीहून काकूचा व्हिडिओ कॉल आला. सगळ्यांची चौकशी झाल्यावर तिने विचारलं, "आणि तुझा कुत्रा ऐकतो का गं आता?" मी "हो हो" म्हणून विषय संपवला. खरं उत्तर लांबलचक आहे, म्हणून इथे लिहितेय.

नवीन मंडळींसाठी सांगते, मी इंग्लंडात मिडलँड्सला राहते आणि गेली चार वर्षं रविवारी सकाळी चिखलात कुत्र्याबरोबर धावते. या खेळाला अ‍ॅजिलिटी म्हणतात. त्यात उड्या, बोगदा, सीसॉ, उंचावरची अरुंद फळी, शिवाय ६० सेंटिमीटर अंतराने रोवलेल्या १२ काठ्यांमधून नागमोडी पळणं असं सगळं येतं. परीक्षक ठरवतील त्याच क्रमाने आणि घड्याळ लावून. माझा कुत्रा चिवडा रेस्क्यूमधून, म्हणजे बेघर कुत्र्यांना सांभाळणाऱ्या संस्थेतून आणलेला. किती जाती मिसळल्यात ते त्यालाच ठाऊक, म्हणून हे नाव. इथले निवेदक त्याला 'शिवाडा' म्हणतात. मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.

१९७८ साली लंडनला क्रफ्ट्सच्या डॉग शोमध्ये हा खेळ पहिल्यांदा दाखवला गेला. मधल्या वेळात प्रेक्षकांची करमणूक व्हावी, एवढाच हेतू होता. कल्पना घेतली होती घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून. पण घोडेस्वाराच्या हातात निदान लगाम असतो. इथे रिंगणात दोरी नाही आणि कुत्र्याला हात लावला तर गुण कापले जातात. उरतो तुमचा आवाज आणि तुमचं अंग. माझी गोची नेमकी तिथेच होती.

स्पर्धेआधी हँडलर लोकांना, म्हणजे कुत्र्याबरोबर धावणाऱ्यांना, काही मिनिटं कुत्र्याशिवाय कोर्सवर फिरून बघू देतात. चाळिशी-पन्नाशीची माणसं हात फैलावून, गिरक्या घेत, नसलेल्या कुत्र्याशी बोलत असतात. हे पहिल्यांदा बघितल्यावर नवरा गाडीत जाऊन बसला होता. मी मात्र मन लावून पाठ करायचे. आणि प्रत्यक्षात चिवडा उडी सोडून बोगद्यात. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोगद्यात. चुकीचा अडथळा घेतला की थेट एलिमिनेट, म्हणजे बाद, आणि कागदावर 'ई'. वर्षभरात इतके 'ई' जमले की घरात फक्त आ आणि ऊ यायचे बाकी होते. मी सगळ्यांना सांगायचे, हुशार आहे हो, पण ऐकत नाही.

मग लेकीने एकदा माझी धाव फोनवर टिपली. घरी तो व्हिडिओ तिने हळू चालवून दाखवला. तोंडाने मी "उडी! उडी!" ओरडतेय (आमच्या आज्ञा मराठीतच आहेत), पण माझी पावलं आणि खांदे सरळ बोगद्याकडे. चिवडाने क्षणभर माझ्या पायांकडे पाहिलं आणि गेला बोगद्यात. "आई, त्याने तुझंच ऐकलं," लेक म्हणाली. त्या रात्री जेवण जरा जडच गेलं.

त्यानंतर जे शिकले त्यातलं सगळ्यात कामाचं एकच सांगते. कुत्र्याला वळायचं कुठे हे तो उडी मारायच्या आधी कळलं पाहिजे. एकदा हवेत गेला की त्याला काही बदलता येत नाही. आणि मी काय करत होते? त्याची उडी नीट पार पडेपर्यंत वळून बघत थांबायचे आणि मग दिशा दाखवायचे. मला वाटायचं, ही त्याची काळजी घेणंच आहे. त्याच्या बाजूने बघितलं तर बाई ऐन वेळी थबकते, मागे पाहते आणि मग काहीतरी ओरडते. अशा माणसावर मी तरी विसंबले असते का?

सुरुवातीच्या रांगेत तो जमीन हुंगत बसायचा. मला वाटायचं, नाटकं करतोय. पण हुंगणं हे पुष्कळदा कुत्र्याच्या ताणाचं लक्षण असतं. माझे हात गार पडलेले, आवाज चिरकलेला, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला तो. आता मी रांगेत त्याच्याशी गप्पा मारते. काहीही, अगदी डाळीला फोडणी कशाची द्यायची तेसुद्धा.

सीसॉचं प्रकरण वेगळं. एकदा वाऱ्याने फळी धाडकन आपटली आणि त्याने त्या वस्तूवर चढायचंच बंद केलं. जवळच्या एकांनी सल्ला दिला की पट्ट्याला धरून एकदा वर न्या, भीती मोडेल. मी तसं केलं. भीती दुप्पट झाली. हा माझा दोष, त्यांचा नाही. पट्टा माझ्या हातात होता. नंतर चार महिने आम्ही फळी अगदी खाली आणून, टोकाखाली उशा ठेवून खेळलो. त्याने पंजाने फळी वाजवली की चीजचा तुकडा, मग जरा मोठा आवाज, मग एक उशी कमी. नको वाटलं की तो उतरून जायचा आणि मी जाऊ द्यायचे. जाऊ देणं मला फार अवघड गेलं. आमच्या घरी 'वळण लावणं' हा शब्द मुलांसाठी आणि कुत्र्यांसाठी एकच होता.

इथे मतभेद होतील, तरी सांगते. चुकल्यावर रिंगणात कुत्र्यावर ओरडणाऱ्यांनी आधी आपला व्हिडिओ बघावा. दर वेळी चूक आपलीच निघेल असं नाही, पण माझ्या हिशेबात दहातल्या आठ वेळा माझीच निघाली.

गेल्या रविवारी काठ्यांपाशी त्याला आत सोडलं आणि मी पुढे पळाले. मागे न बघता. पाठीमागून काठ्यांचा टकटक, टकटक आवाज येत होता. मनातल्या मनात मोजत होते, दहा, अकरा, बारा, आणि तो माझ्या डाव्या हाताला हजर. सीसॉ घेतला. शेवटच्या उडीला दांडा पाडला, पाच फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण, आणि नंबर नाही. दांडा का पडला ते व्हिडिओत दिसतंय. तो हवेत असताना मी आनंदाने किंचाळले होते.