अपडेट आपोआप, पहारा माझा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं चादरी-टॉवेलचं गोडाऊन. तिथला हिशेब, बिलं आणि कॉम्प्युटर माझ्याकडे. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, कारण लायसन्सचे पैसे लागत नाहीत म्हटल्यावर अण्णांनी पुढचं काही विचारलंच नाही.

उबंटू सुरक्षेचे अपडेट न विचारता घालून घेतो. त्यासाठी 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' नावाचं पॅकेज असतं. ते सुरू करणाऱ्या टायमरची वेळ सकाळी 6 ची, वर 60 मिनिटांपर्यंत उशीर, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकदम कामाला लागायला नकोत. वेळ ठरवणाऱ्यानं सगळ्यांचा विचार केला, एक अण्णा सोडून.

अण्णा रात्री निघताना मेन स्विच पाडतात. सुताच्या गोडाऊनमध्ये एक ठिणगी काय करते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, तेव्हा त्यावर वाद नाही. म्हणजे सकाळी 6 ला कॉम्प्युटर गार. बरं, हुकली वेळ तर सोडून द्यावी की नाही? नाही! टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू असतं. हुकलेलं काम तो लक्षात ठेवतो आणि मशीन चालू झालं की वसुलीला बसतो. आम्ही मेन चढवतो 10 ला. तिथून तासाभरात केव्हाही.

नेमका तेव्हाच टेम्पो दारात, ड्रायव्हरचा हात हॉर्नवर, आणि मी नव्या लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर टाकतोय. पडद्यावर उत्तर येतं: कुलूप मिळत नाही, दुसऱ्या प्रोसेसनं धरलंय. म्हणजे दुसरं कुणीतरी आधीच इन्स्टॉल करत बसलंय.

"काय झालं बे?"

"अपडेट चालू झालंय, अण्णा."

"कुणी सांगितलं त्याला?"

"कुणीच नाही. आपोआप होतं."

"मग मेन पाडू का?"

पाडला असता तर पॅकेज अर्धवट लटकलं असतं, आणि पुढच्या वेळी पॅकेज बसवणाऱ्या 'डीपीकेजी'ला 'कॉन्फिगर -ए' म्हणून हातापाया पडल्याशिवाय काही इन्स्टॉल झालं नसतं. मी हातानंच बोर्ड झाकला.

वेळ बदलणं तसं अवघड नाही. 'सिस्टिमसीटीएल एडिट' या कमांडनं टायमर उघडून आधी 'ऑनकॅलेंडर' ही वेळेची ओळ रिकामी लिहायची, मग नवी वेळ. पहिली रिकामी ओळ विसरली की जुनी वेळही राहते आणि नवीही. अवघड आहे ते सोलापुरात वेळ शोधणं. सकाळी माल, संध्याकाळी वसुलीची माणसं, रात्री मेन बंद. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत तर माणसंच जागेवर नसतात. उरली दुपार. उन्हाळ्यात पारा 42 ला टेकला की अडीच वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, आणि अण्णा पंख्याखाली आडवे. मी 14:30 लिहिलं.

नेमकी अडीचला लाईट गेली. पाठोपाठ अपडेट सुरू झालं. लॅपटॉप असता तर बॅटरीवर आहोत हे ओळखून त्यानं अपडेटला हातच लावला नसता, हा डेस्कटॉप. इन्व्हर्टरवर चालतोय हे त्याला कोण सांगणार? निवांत पॅकेज उलगडत बसला. थोड्या वेळानं इन्व्हर्टर ओरडायला लागला. त्याच्यावर दोनच गोष्टी चालू होत्या, हा कॉम्प्युटर आणि तो पंखा.

मी हळूच पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "हात लावून तर बघ."