सुतकातले तीन शर्ट

डिसेंबरपासून आमच्या क्वीन्समधल्या घरात एक वाद चालू आहे. माझ्या कपाटात न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचे तीन शर्ट टांगलेले आहेत : 9, 20 आणि 39. त्या तिन्ही नंबरांची माणसं आता मेट्समध्ये नाहीत. बायको म्हणते, देऊन टाक कुणाला तरी. गणपती आटोपून साताऱ्याहून आलेली आई म्हणते, "देतोस कशाला? इथली थंडी बघ. गोधडी शिवते." मी म्हणतो, जरा थांबा, सुतक फिटू दे.

सुतक तसं नवरात्रातच लागलं होतं. 12 जून 2025 ला मेट्सचे 45 विजय आणि 24 पराभव होते, अख्ख्या बेसबॉलमध्ये पहिला नंबर. मी ऑक्टोबरमधल्या बाद फेरीच्या तिकिटांसाठी पैसे बाजूला काढायला लागलो, आणि तिथेच दृष्ट लागली. पुढच्या 93 सामन्यांत 55 पराभव. नवापैकी आठव्या डावाअखेर मागे असलेला सामना या संघाने मोसमभरात एकदाही फिरवला नाही. म्हणजे मी शांतपणे टीव्ही बंद करून झोपू शकत होतो. झोपलो नाही, ही गोष्ट वेगळी.

28 सप्टेंबर, रविवार, शेवटचा सामना मायामीत. बाद फेरीच्या शेवटच्या जागेसाठी आमची आणि सिनसिनाटी रेड्सची बरोबरी होती, आणि बरोबरीत रेड्स पुढे जाणार होते, कारण आपसातल्या लढतींत त्यांनी आम्हाला जास्त वेळा हरवलं होतं. त्या दिवशी रेड्सही हरले! आम्हाला फक्त जिंकायचं होतं. पाचव्या डावात तिन्ही बेस भरलेले, बॅट पीट अलोन्सोच्या हातात. त्याने असा सणसणीत फटका मारला की मी सोफ्यावरून उठलोच. चेंडू सरळ डावीकडच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात.

"आउट का रे?" आईने विचारलं.

"आउट."

"मग ओरडू नकोस. घट बसलेत."

0-4 ने हरलो. पोह्यांची ताटली तशीच राहिली.

खरा छळ त्यानंतर सुरू झाला. आयपीएलचा लिलाव एक-दोन दिवसांत उरकतो. हातोडा पडतो, माणूस रडतो, मोकळा होतो. इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज कुणीतरी जातं, कुणीतरी येतं. याला इकडे हॉट स्टोव्ह म्हणतात, म्हणजे शेगडीभोवती बसून केलेल्या गप्पा. शेगडीवर मी आहे, एवढंच त्यात सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरात 9 नंबरचा ब्रँडन निमो टेक्सासच्या संघात गेला, बदल्यात मार्कस सेमियन आला. निमो 2011 पासून या घरातला. फुकट मिळालेल्या बेसवरसुद्धा हसत पळत जाणारा माणूस. त्याच्या करारात त्याला विचारल्याशिवाय पाठवायचं नाही असं कलम होतं. त्याला विचारलं आणि तो हो म्हणाला. हे जास्त लागलं.

मग डिसेंबरात दोन दिवसांत दोघे. आधी 39 नंबरचा एडविन डियाझ, शेवटच्या डावात चेंडू टाकणारा आमचा हुकमी गोलंदाज, 3 वर्षं, 69 दशलक्ष डॉलर, आणि तेही लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे, ज्यांनी 2024 आणि 2025 असं लागोपाठ दोनदा विजेतेपद जिंकलं. तो मैदानात येताना तुतारी वाजायची. (आमच्या बारशाला वाजली नव्हती अशी.) दुसऱ्या दिवशी 20 नंबरचा अलोन्सो बाल्टिमोरला, 5 वर्षं, 155 दशलक्ष. मेट्सच्या इतिहासात सर्वात जास्त होमरन (म्हणजे बेसबॉलचे षटकार) मारणारा माणूस, विक्रम मोडून चार महिनेही झाले नव्हते. ऑफिसात मी बाथरूममध्ये जाऊन बातमी पुन्हा वाचली. बाहेर आल्यावर सहकाऱ्याने विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, एक जण बाल्टिमोरला शिफ्ट झाला.

आणि डियाझच्या जागी आला कोण, तर डेव्हिन विल्यम्स. 2024 च्या ऑक्टोबरात मिलवॉकीत बाद फेरीच्या सामन्यात, नवव्या डावात तेव्हा मिलवॉकीकडून चेंडू टाकणाऱ्या याच विल्यम्सला अलोन्सोने होमरन मारला होता आणि आम्ही पुढे गेलो होतो. तो क्षण मी इतक्या वेळा पाहिलाय की आईलाही पाठ झालाय. आता ज्याने मारला तो गेला, आणि ज्याने खाल्ला तो आमचा! पहिल्या बेसवर अलोन्सोच्या जागी म्हणे होर्हे पोलांको उभा राहणार, जो तिथे जवळजवळ कधीच उभा राहिलेला नाही. तिसऱ्या बेसवर बो बिशेट, ज्याची जागा शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली. आचारी चांगले आहेत. फक्त जिलेबीवाल्याला भाजीवर बसवलंय.

हिशोब मला कळतो. तिशी ओलांडलेल्या माणसाला लांबलचक करार देऊ नये, बचाव सुधारावा, सगळं कबूल. मीही कंपनीत हेच सांगतो, एक्सेलमध्ये. पण एक्सेलचा शर्ट कुणी विकत घेत नाही.

बरं, हा संघ इतका व्यवहारी आहे म्हणावं, तर आमचा जुना खेळाडू बॉबी बोनिया आहेच. 1999 नंतर तो मेट्सकडून खेळलेला नाही, तरी 2011 पासून दर 1 जुलैला त्याला सुमारे 11 लाख 93 हजार डॉलर मिळतात, 2035 पर्यंत. हे ऐकल्यावर आईने, जी शिक्षिका म्हणून निवृत्त झाली, पहिल्यांदाच बेसबॉलमध्ये मनापासून रस घेतला.

"दर वर्षी? न खेळता?"

"हो."

"आणि हयातीचा दाखला?"

यंदा नोव्हेंबरात इथून दाखला पाठवताना तिच्या अंगठ्याचा ठसा तीनदा उमटला नव्हता. बोनियाबद्दल तिचं मत तेव्हापासून चांगलं नाही.

गेल्या शनिवारी अखेर मी तिन्ही शर्ट तिच्यापुढे ठेवले. तिने चष्मा लावला, 20 नंबर उलटा करून पाहिला, दोन बोटांत चोळला.

"हे सुती नाही रे. याला ऊब नाही. आणि हे आकडे, यातून सुई जायची नाही."

"मग?"

"ठेव कपाटात."

बायको म्हणाली, आता घेशील तर निदान टिकणारा घे. मेट्सच्या हुआन सोटोचा घे, 22 नंबर, 15 वर्षांचा करार आहे ना त्याचा? मीही तसाच विचार करून फोन काढला होता. शर्ट बास्केटमध्ये टाकलासुद्धा. मग सवयीने करार पुन्हा वाचला : 765 दशलक्ष डॉलर, आणि पाच वर्षांनी बाहेर पडायची मुभा.

फोन खाली ठेवला आणि आईला विचारलं, हाच शर्ट सुतीत मिळाला तर?