आदर्श पाहिजे: उंची साडेसहा फूट, चारित्र्य नंतर बघू

घरात वाढत्या वयाचं मूल आहे आणि त्याच्या खोलीची एक भिंत अजून रिकामी आहे? मग उशीर करू नका. आदर्श शोधायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे एनबीए, अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग. तिथली माणसं उंच असतात, लांबूनही दिसतात आणि त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी माहीत असाव्या लागतात: गुण किती केले आणि बूट कुठल्या कंपनीचे घातले. वर्गशिक्षिका किंवा रात्रपाळी करणारी नर्स यांच्या भानगडीत पडू नका. जवळच्या माणसाला आदर्श मानायचं तर त्याला रोज बघावं लागतं आणि रोज बघितलं की माणूस कळायला लागतो. कशाला हवी ती कटकट?

एक पथ्य मात्र पाळा. खेळाडू स्वतःबद्दल काय सांगतोय तिकडे काडीचंही लक्ष देऊ नका. १९९३ मध्ये चार्ल्स बार्कलीने नायकीच्या जाहिरातीत कॅमेऱ्यात बघून सांगितलं होतं की, मी कुणाचा आदर्श नाही, आदर्श आईबापांनी व्हावं, मला डंक मारता येतो (उडी घेऊन चेंडू वरून थेट रिंगमध्ये आदळता येतो) म्हणून तुमची पोरं मी वाढवायची असं नाही. माणूस अनुभवाने बोलत होता. दोनच वर्षांपूर्वी न्यू जर्सीत शिव्या देणाऱ्या एका प्रेक्षकावर तो थुंकायला गेला, नेम चुकला आणि थुंकी एका लहान मुलीच्या अंगावर पडली. १० हजार डॉलर दंड, एका सामन्याची बंदी. इतका प्रामाणिक इशारा आजवर कुठल्याही मालाच्या जाहिरातीत कुणी दिला नसेल. त्यावर लोक खवळले ते मात्र ‘एवढा मोठा खेळाडू आणि जबाबदारी झटकतो’ म्हणून. आणि नायकीने त्याच जाहिरातीवर बूट विकले.

बार्कलीला उत्तर द्यायला पुढे आला त्याचा खेळाडू मित्र कार्ल मलोन. त्याने ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या नियतकालिकात लिहिलं की, आदर्श व्हायचं की नाही हे आपल्या हातात नसतं, लोक आपल्याला निवडतात. वाक्य सुंदर आहे, फ्रेम करून लावा. फक्त फ्रेमखाली बाकीचा मजकूर छापू नका. कॉलेजात असताना, विसाव्या वर्षी मलोनला एक मुलगा झाला, तेव्हा त्या मुलाची आई १३ वर्षांची होती. त्याच्याआधी झालेल्या स्वतःच्या जुळ्या मुलांनाही मलोनने जवळ केलं ते १९९८ च्या सुमारास, मुलं मोठी झाल्यावर. लोक आपल्याला निवडतात हे खरंच, पण आपल्या पोरांना आपण निवडायचं की नाही, यावर त्या लेखात काही नव्हतं. २०२३ मध्ये लीगच्या ऑल-स्टार सोहळ्यात डंक स्पर्धेला गुण द्यायला त्यालाच परीक्षक म्हणून बसवलं होतं.

आता माफीचा हिशेब. मुलाने विचारलं की अमक्याने असं का केलं, तर घाईने उत्तर देऊ नका. आधी त्याची सरासरी बघा. सहा गुणांच्या सरासरीवाल्याने सरावात सहकाऱ्याला ठोसा मारला तर तो गुंड. तिसाच्या घरातला असेल तर ती जिंकण्याची भूक. १९९५ मध्ये मायकल जॉर्डनने सरावात स्टीव्ह करच्या तोंडावर ठोसा मारला. ती भूकच होती, कारण पुढची तीन विजेतेपदं आली. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, तसं. एका जुगाऱ्याला ५७ हजार डॉलरचा चेक दिला तो कर्ज म्हणून, असं जॉर्डन आधी म्हणाला. मग १९९२ मध्ये कोर्टात शपथेवर सांगावं लागलं की ते जुगारात हरलेले पैसे होते. मुलाला सांगा, शेवटी खरं बोलला ना? शपथ घालावी लागली, एवढंच.

जॉर्डनकडून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे ते त्याच्या २००९ च्या हॉल ऑफ फेममधल्या, म्हणजे बास्केटबॉलच्या मानाच्या यादीत नाव गेलं तेव्हाच्या भाषणात. हे भाषण मुलाला शेजारी बसवून दाखवा. सहा विजेतेपदं, जगभर नाव, अंगावर छान सूट, डोळ्यांत पाणी. आणि मग एकेकाचा हिशेब सुरू. शाळेत असताना वरच्या संघात जॉर्डनला जागा मिळाली नाही, ती लिरॉय स्मिथ नावाच्या मुलाला मिळाली. तीसएक वर्षांनी त्या लिरॉयला खास बोलावून समोर बसवलेलं. माइकवरून जॉर्डन म्हणाला, तो बघा, अजून तेवढाच उंच आहे, खेळही बहुधा तेवढाच असेल. लोक हसले. लिरॉयही हसला, दुसरं काय करणार? ज्याने जगात सगळं जिंकलं त्याला पंधराव्या वर्षीच्या एका यादीचा सल अजून सोडवत नव्हता. तुमच्या मुलाला वर्गमित्रांशी मिळूनमिसळून राहायची खोड लागली असेल, तर यावर हा रामबाण उपाय आहे.

माफीच्या हिशेबाची खात्री पटत नसेल, तर लट्रेल स्प्रूएल हा खेळाडू घ्या. डिसेंबर १९९७ मध्ये सरावात त्याने कोच पी. जे. कार्लेसिमो यांचा गळा धरला. ६८ सामन्यांची बंदी. हा माणूस खेळाला कलंक आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि ते एकमत १९९९ पर्यंत टिकलं. त्या वर्षी त्याने न्यूयॉर्क निक्सला अंतिम फेरीत नेलं. निक्सच्या घरच्या मैदानात, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोक त्याच्या नावाने ओरडू लागले तेव्हा गळ्याची आठवण फक्त कार्लेसिमोंना राहिली असावी. याच स्प्रूएलला २००४ मध्ये तीन वर्षांसाठी २ कोटी १० लाख डॉलर देऊ केले, तर मला घर चालवायचंय म्हणून त्याने नाही म्हटलं. तो हंगाम संपल्यावर तो लीगमध्ये पुन्हा खेळलाच नाही. काटकसरीचा धडा शिकवायला हे उदाहरण ठेवून द्या.

शिस्तीची काळजी करू नका, ती लीग करते. नोव्हेंबर २००४ मध्ये डेट्रॉइटजवळच्या मैदानात पेसर्स आणि पिस्टन्सचा सामना संपायला मिनिटभरही उरलं नव्हतं. धक्काबुक्कीनंतर पेसर्सचा रॉन आर्टेस्ट गुणलेखकांच्या टेबलावर आडवा पडून होता, शांत राहायचा प्रयत्न म्हणून. वरून कुणीतरी पेयाचा ग्लास फेकला, तो बरोबर त्याच्या अंगावर. आर्टेस्ट उठला, प्रेक्षकांत घुसला आणि भलत्याच माणसाला धरलं. त्याला ८६ सामन्यांची बंदी झाली. पुढच्याच वर्षी आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी पोशाखाचे नियम काढले: सामन्याला येताना-जाताना गळ्यात साखळ्या नकोत, बिनबाह्यांचे शर्ट नकोत, इमारतीच्या आत गॉगल नको. चारित्र्य शेवटी गळ्याशीच असतं, साखळी काढली की सुधारतं.

आर्टेस्टची गोष्ट मात्र मुलाला अर्धीच सांगा, कारण पुढे ती बिघडते. २०१० मध्ये लेकर्स संघाकडून विजेतेपद मिळवल्यावर टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना त्याने आपल्या मानसोपचारतज्ज्ञाचे आभार मानले. देवाचे मानतात, आईचे मानतात, याने डॉक्टरचे मानले. मग ती विजेतेपदाची अंगठी सोडतीत काढली आणि आलेले पैसे मानसिक आरोग्याच्या कामाला दिले. २०११ मध्ये त्याला लीगचा समाजकार्याचा पुरस्कार मिळाला आणि त्याने स्वतःचं नावच बदलून मेटा वर्ल्ड पीस केलं, म्हणजे आडनावच विश्वशांती. एप्रिल २०१२ मध्ये या विश्वशांतीने समोरच्या संघातल्या जेम्स हार्डनच्या डोक्यात कोपर हाणलं आणि सात सामने बाहेर बसली. (खरं सांगायचं तर या सगळ्या मंडळींत मला त्यातल्या त्यात हाच माणूस पटतो. पण तुम्ही सल्ला विचारताय, आवड नाही.) असा माणूस भिंतीवर परवडत नाही. आज आदर्श, उद्या कोपर, परवा पुन्हा देणगी. दर आठवड्याला पोस्टर कोण काढणार आणि लावणार?

अनुकरणाचं म्हणाल तर मुलं बघतात तसं करतात, ही भीती अगदीच खोटी नाही. मार्च २०२० मध्ये युटा जॅझ संघाच्या रुडी गोबेरने पत्रकार परिषद संपताना समोरच्या सगळ्या माइकांना मुद्दाम हात लावला, कोविडची काय भीती, या थाटात. दोन दिवसांनी त्यालाच कोविड निघाला आणि त्याच रात्री अख्ख्या लीगचा हंगाम थांबला. आता मुलाने जेवणाआधी हात धुवायला नकार दिला, तर हे उदाहरण तुमच्या बाजूनेही वापरता येतं आणि त्याच्याही.

कायरी अर्विंग या खेळाडूने तर शिक्षणक्षेत्राला हात घातला. २०१७ मध्ये उचलली जीभ लावली टाळ्याला आणि पृथ्वी सपाट आहे म्हणाला. पुढच्या वर्षी त्याने जाहीर माफी मागितली ती विज्ञानाच्या शिक्षकांची, कारण मुलांना सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतंय, असं तेच त्याला येऊन सांगत होते. वर्षभर फळ्यावर गोल काढणारी शिक्षिका एकीकडे, एका मुलाखतीतलं एक वाक्य दुसरीकडे. कोण जिंकलं ते दिसलंच. म्हणून म्हणतो, आदर्श शिक्षिकेत शोधू नका. तिला डंक मारता येत नाही.

आता गंभीर इशारा. काही खेळाडूंना खरोखरच चारित्र्य असतं. त्यांच्यापासून मुलांना लांब ठेवा, नुकसान फार होतं.

क्रेग हॉजेस हा शिकागो बुल्सचा नेमबाज. तीन गुणांच्या फेकींची स्पर्धा त्याने १९९० ते १९९२ अशी सलग तीन वर्षं जिंकली. १९९१ मध्ये विजेता संघ व्हाइट हाऊसमध्ये गेला, तेव्हा हा आफ्रिकी डगला घालून गेला आणि गरिबांकडे, कृष्णवर्णीयांकडे लक्ष द्या असं पत्र राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासाठी देऊन आला. १९९२ मध्ये बुल्सने त्याला सोडलं आणि त्यानंतर कुठल्याही संघाने घेतलं नाही. १९९३ च्या स्पर्धेत गतविजेता म्हणून तो उतरला तेव्हा अंगावर कुठल्याच संघाचा शर्ट नव्हता, नुसता लीगचा होता. जगातला उत्तम नेमबाज, पण नोकरी नाही. त्याचं पोस्टर लावलंत तर खाली संघाचं नाव काय लिहिणार?

महमूद अब्दुल-रौफ डेन्व्हरच्या संघाचा. राष्ट्रगीताला उभं राहणं त्याच्या श्रद्धेत बसेना, म्हणून तो उभा राहिला नाही. मार्च १९९६ मध्ये एक सामना बंदी आणि त्या सामन्याचे ३१,७०७ डॉलर कापले. शेवटी तडजोड झाली: उभं राहायचं, पण मान खाली घालून प्रार्थना करायला हरकत नाही. उन्हाळ्यात डेन्व्हरने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. लक्षात घ्या, त्याने कुणाचा गळा धरला नव्हता, कुणावर थुंकला नव्हता. तो फक्त बसून राहिला होता.

मुलगी असेल तर माया मूर हे नाव घरात काढूच नका. महिलांच्या लीगमध्ये मिनेसोटा लिंक्सकडून चार विजेतेपदं, २०१४ ची सर्वोत्कृष्ट खेळाडू, आणि २०१९ मध्ये, अजून तिशीही गाठलेली नसताना, खेळ सोडून ती एका कैद्याच्या खटल्यामागे लागली. जोनाथन आयरन्सला तो सोळा वर्षांचा असताना घडलेल्या गुन्ह्यासाठी ५० वर्षांची शिक्षा झाली होती. त्याची शिक्षा रद्द होऊन जुलै २०२० मध्ये तो सुटला. मूर पुन्हा खेळायला आली नाही. कागदपत्रं वाचणाऱ्या बाईचे बूट कुणी विकत घेत नाही.

इतकं वाचूनही गोंधळ उडाला असेल, तर खेळाडूंचा नाद सोडा आणि सरळ मालक निवडा. मालकाचा आदर्श सगळ्यात टिकाऊ, कारण त्याला कुणी विचारतच नाही की मुलांसमोर काय ठेवतोस. डोनाल्ड स्टर्लिंग यांनी १९८१ मध्ये क्लिपर्स संघ सव्वा कोटी डॉलरच्या आसपास घेतला. २००९ मध्ये घरं भाड्याने देताना वंशभेद केल्याच्या खटल्यात २७ लाखांहून जास्त डॉलर मोजून त्यांनी सरकारशी तडजोड केली. लीगने त्यावर साखळी काढायला सांगितली नाही की सामना बंदी घातली नाही. २०१४ मध्ये कृष्णवर्णीयांबद्दलचं त्यांचं खासगी बोलणं ध्वनिमुद्रित होऊन बाहेर आलं, तेव्हा मात्र लीगने पाऊल उचललं: तहहयात बंदी, २५ लाख डॉलर दंड. त्याच वर्षी संघ विकला गेला २ अब्ज डॉलरना.

पोस्टर बाजारात मिळणार नाही, छापून घ्यावं लागेल. आणि मुलाचं गणित कच्चं असेल, तर शिकवणी लावायचीही गरज नाही, हेच उदाहरण त्याला सोडवायला द्या: २ अब्ज मिळाले, दंड २५ लाख, तर हजार डॉलरमागे शिक्षा किती? उत्तर सव्वा डॉलर येतं. मग त्याच वहीत, त्याच पानावर, अब्दुल-रौफचे ३१,७०७ मांडायला सांगा.