पाच सोलर पॅनेलचे 'तीन किलोवॅट' कसे होतात हो?

सांगलीत विश्रामबागेतल्या एका घरासाठी आलेलं कोटेशन आज हातात पडलं आणि डोकंच फिरलं. वर ठळक अक्षरात '३ किलोवॅट सिस्टीम'. खाली मुंगीच्या अक्षरात '५४० वॅट × ५ पॅनेल'. अहो साहेब, पाचवीतलं पोर सांगेल, २७०० वॅट होतात. म्हणजे २.७ किलोवॅट. उरलेले तीनशे वॅट काय कृष्णेत सोडले?

विचारलं तर उत्तर तयार, 'इन्व्हर्टर तीनचाच आहे ना काका!' असेल. इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा. तो पाचचा बसवा, दहाचा बसवा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी पॅनेलची बेरीज आणि इन्व्हर्टर यांत जे कमी असेल त्यावर मिळते. पहिल्या दोन किलोवॅटला ३०,००० प्रमाणे ६०,०००, त्यापुढच्या ०.७ ला १८,००० च्या दराने १२,६००. झाले ७२,६००. कोटेशनमध्ये मात्र बिनधास्त '७८,००० वजा' करून टाकलेत. मधले ५,४०० कोण देणार? गिऱ्हाईकच! आणि तेही सबसिडी खात्यात पडल्यावर कळणार. सहावं पॅनेल टाकलं असतं तर ३२४० वॅट झाले असते आणि ७८,००० हक्काने मिळाले असते. ६०० वॅटची पाच टाकली असती तरी चाललं असतं. पण नाही, गोदामात पडलेली ५४० वाली खपवायची आहेत.

बरं, पॅनेल कोणती ते लिहायचीही तसदी नाही. नुसतं 'टॉप ब्रँड'. सबसिडी हवी तर पॅनेल डीसीआर लागतं, म्हणजे आतला वीज बनवणारा सेलसुद्धा भारतातच बनलेला. बाहेरचे सेल आणून इथे फ्रेम ठोकलेलं पॅनेल स्वस्त पडतं, वीजही तेवढीच देतं, पण सबसिडीच्या नावाने शून्य. पॅनेलचे अनुक्रमांक योजनेच्या पोर्टलवर भरावे लागतात, तिथे 'टॉप ब्रँड' चालत नाही. कोटेशनवर 'डीसीआर' हा शब्द आणि मॉडेल नंबर नसेल तर तो कागद वडापावला द्यावा.

२०२४ ला ही नवी योजना आली तरी काहींच्या बोर्डावर अजून '४० टक्के सबसिडी' झळकतंय. ती जुन्या योजनेतली, राव! आणि 'पाच किलोवॅट घ्या, सबसिडी वाढते' म्हणणारे तर वेगळेच. तीनच्या पुढे दहापर्यंत गेलात तरी ७८,०००. एक छदाम जास्त नाही.

लग्नाच्या पंगतीत बसूनही समोरच्या गच्चीवरची पॅनेल मोजणाऱ्या, टाकीची सावली किती वाजता पडेल याचा अंदाज घेणाऱ्या आमच्यासारख्यांना घरचे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. मठ्ठा गार होतो की गरम, तेवढंही लक्षात राहत नाही. असो.

तर किलोवॅट आणि युनिट एकच समजणारे. 'तीन किलोवॅट म्हणजे दिवसाला तीन युनिट ना?' नाही! एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चारेक युनिट, म्हणजे तीनला महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरकडे हा आकडा विसरायचा. आणि पॅनेलवर लिहिलेले ५४० वॅट सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. एप्रिलात जत-आटपाडीच्या उन्हात सेल साठ-पासष्टला पोचतो. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर चौदा टक्के गेले, हातात उरले ४६५. त्यावर कारखान्याच्या चिमणीची काजळी बसली की आणखी कमी. गळीत हंगामात आठवड्याला धुवा, सकाळी लवकर धुवा. तापल्या काचेवर गार पाण्याचा पाइप सोडू नका.

वीजबिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि अर्ज नातवाचा! बिलावरचं नाव, अर्जदार आणि बँक खातं जुळल्याशिवाय पैसे येत नाहीत. आधी नाव बदला, मग पॅनेलचे फोटो बघत बसा.

आणि लाइट गेली की ऑनग्रिड, म्हणजे खांबावरच्या लाइनला जोडलेलं, सोलरही बंद पडतं, हे विकताना कोणी सांगत नाही. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. बॅटरी हवी तर तिला जोडता येणारा हायब्रीड इन्व्हर्टर घ्या, बॅटरीचे पैसे पूर्ण तुमचे, तिला सबसिडी नाही. पैसे घेताना विकणारे गप्प, आणि भर उन्हात पंखा थांबला की फोन मात्र आमच्यासारख्यांना, तोही नेमका जेवायच्या वेळी.