आधी कूलर बंद करून दाखवा, मग पाणी वाचवायला सांगा

एप्रिल लागला की व्हॉट्सॲपवर तो मेसेज फिरायला लागतो. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादली वापरा. अहो, मानेवाड्यात आमच्याकडे शॉवर चालण्याइतका दाब येतो कधी? आम्ही जन्मापासून बादलीनंच अंघोळ करतो. ते वाचवणं नाही, ते आमचं नेहमीचं आहे.

हा मेसेज लिहिणाऱ्यानं नागपूरचा मे काढलेला नाही, हे मी लिहून देते. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ वर गेला होता. मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारी बाराला गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा वेळी घरात सगळ्यात जास्त पाणी पितो तो कूलर. दोन खोल्यांत दोन कूलर, टाकी ६०-६० लिटरची. सकाळी भरा, झोपायच्या आधी पुन्हा भरा, म्हणजे दिवसाला २४० लिटर. महिन्याला ७ हजार लिटरच्या वर, म्हणजे पाण्याच्या बिलात ७ युनिट निव्वळ हवेत. कोरड्या हवेत पाणी उडतं म्हणूनच खोली गार होते. मग यात वाचवायचं काय? कमी पाणी घाला म्हणता? गवताचे पॅड वाळले की तोच कूलर गरम वारा तोंडावर फेकतो.

यावर शहाणे सांगतात, मग एसी घ्या ना, पाणीच लागत नाही. घेतला असता! कूलर २०० वॅटच्या आसपास खातो. दीड टनाचा एसी सुरू झाला की तासाला एक-दीड युनिट गेलंच समजा. वीजबिलात पहिले १०० युनिट एका दरानं आणि १०१ पासून दर जवळजवळ दुप्पट. वर स्थिर आकार, वहन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. पाणी वाचवलं की वीज वाढते, वीज वाचवली की पाणी. उन्हाळ्यात नागपुरात दोन्ही बिलं एकदम कमी करून दाखवणारा मला भेटवाच. घरात ऐंशीच्या सासूबाई आहेत, त्यांना काय ओलं फडकं डोक्यावर देऊन बसवू?

पाणी कमी आहे हे मला शिकवू नका. २०१९ चा जुलै आठवतो. पाऊस नाही, नागपूरला पाणी देणारं पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलेलं आणि अख्ख्या शहराला एक दिवसाआड पाणी. वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झाल्यापासून पेंचला येणारा ओघही कमी झालाय. म्हणूनच तर आमच्याकडे आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरतात. एक लिटर प्यायला मिळालं की तीनेक लिटर बाहेर पडतं. त्यानं फरशी पुसते, संडासात टाकते. कूलरमध्ये मात्र घालत नाही, कारण क्षारांनी पॅड पांढरे दगड होतात. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला. आणखी किती पिळायचं?

आणि समोरचे भाऊ! रोज संध्याकाळी पाइप घेऊन गेटसमोरचा सिमेंट रोड धुतात. झाडं नाहीत हो, रोड! म्हणे गारवा येतो. पंधरा मिनिटं पाइप चालला की दीड-दोनशे लिटर गेले, म्हणजे माझ्या कूलरच्या अडीच-तीन टाक्या भरल्या असत्या. शिवाय नळाला टुल्लू, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप, लावतात. त्यांचा टुल्लू सुरू झाला की आमच्या नळाची धार करंगळीएवढी होते. एकदा म्हटलं, "भाऊ, नळ आला की टुल्लू नका लावत जाऊ ना जी." तर म्हणतात, "वहिनी, सगळेच लावतात, मीच काहून नाही लावू?" झालं. पलीकडच्या बिल्डिंगची गच्चीवरची टाकी तर रोज पहाटे धो-धो वाहते. मोटर लावून माणूस झोपतो. टाकी भरली की पाणी थांबवणारा फ्लोट बसवायला असे किती पैसे लागतात? पण तिथं सतरा घरं, म्हणजे कोणाचंच काम नाही. तोच माणूस बिल्डिंगच्या ग्रुपवर 'जल ही जीवन' टाकतो, हात जोडलेल्या चित्रासकट.

आमच्या शहरातल्या भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध होतं आणि ते कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. हे खरंच चांगलं काम आहे, मी नावं ठेवत नाही. गटाराच्या पाण्याची किंमत या शहराला कळते, मग प्यायच्या पाण्यानं रोड धुणाऱ्याला एक पावती फाडता येत नाही?

आता ज्यानं डोकं फिरलं ते सांगते. एवढा जीव काढून, दुपारी एकच कूलर लावून, सगळ्यांना एका खोलीत कोंबून महिना काढला आणि विजेचं बिल आलं सरासरीचं. रीडिंगच्या जागी शेरा 'लॉक'. मीटर गेटबाहेरच्या भिंतीवर आहे! रस्त्यावरून जाणाऱ्या भाजीवाल्यालाही आकडे वाचता येतील. कुलूप कुठलं लावलंय म्हणे? सरासरी काढली ती मागच्या महिन्यांची, जेव्हा पाहुणे होते आणि दोन्ही कूलर रात्रंदिवस चालू होते. मी वाचवलेलं एक युनिटही त्यात नाही.

मीटरचा फोटो घेऊन वीज कार्यालयात गेले. खिडकीतला मुलगा फोटो न बघताच म्हणाला, "मॅडम, आधी भरून टाका, पुढच्या बिलात वळतं होईल." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात पाऊस लागेल, कूलर झाकून ठेवलेले असतील, तेव्हा वळतं करून मला काय मिळणार? तो म्हणाला, "रांगेत मागे लोक आहेत." होते खरे. पुढच्या काकांच्या हातात तसंच बिल, तसाच शेरा. अर्ज लिहून दिला, पोच मागितली, तर शिक्का मारणारा जेवायला गेला होता. मी तिथंच पंख्याखालच्या खुर्चीवर बसले. आल्याशिवाय उठणार नव्हते आणि नाही उठले. साडेतीनला शिक्का मिळाला.