‘घोड्याला दलदल कळते’ या सल्ल्यावर विसंबू नका

उन्हाळ्याकडे धरणांचं पाणी मागे हटायला लागलं की तट्टूवाल्यांमध्ये एक सल्ला फिरतो: घोडं शहाणं जनावर, चिखल वासावरून ओळखतं. माणूस चालतो ती जमीन घोड्यालाही चालते. धोक्याच्या कडेला काटेरी तार मारा. आणि रुतलंच तर गळ्यात दोर टाकून ट्रॅक्टरने ओढा. या चारही गोष्टींनी जनावरं मरतात, म्हणून एकेक पाहू.

‘घोडं ओळखतं.’ अर्धं खरं आहे. मोकळं, निवांत असलेलं घोडं मऊ जमिनीपाशी थबकतं, मान खाली घालून हुंगतं. पण भुकेलं असेल, कुत्र्याला बिचकलं असेल किंवा कळपामागे धावत असेल, तर थबकत नाही. शिवाय चरायला सोडताना आपण पुढचे दोन पाय दोरीने जोडून बांधतो. तसं तट्टू रुतलं तर त्याला एक पाय सोडवून दुसऱ्यावर जोर देताच येत नाही. पाणकाठाला चारायचं असेल तर पाय बांधू नका, सोबत माणूस ठेवा.

‘माणूस चालतो तिथे घोडं चालतं.’ सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच, म्हणून हिशोबच मांडू. ६५ किलोच्या माणसाचे दोन तळवे मिळून साधारण ४०० चौरस सेंटिमीटर भरतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १६० ग्रॅम भार. ३०० किलोच्या तट्टाचा एक खूर ११ सेंटिमीटर रुंद धरला तर चारी खुरांचे मिळून ३८० चौरस सेंटिमीटर होतात. भार पडतो ८०० ग्रॅमच्या आसपास, माणसाच्या पाचपट, आणि तोही पाठीवर ओझं नसताना.

उजनीसारख्या जलाशयाच्या काठी गाळपेराची, म्हणजे पाणी हटल्यावर उघडी पडणारी, जमीन वर वाळून तडकते, खाली मात्र गाळ ओलाच राहतो. आजूबाजूचं रान करपलेलं असतं आणि हिरवं गवत नेमकं त्या पापुद्र्यावर. माणूस त्यावरून चपला घालून जातो. घोड्याचा खूर पापुद्रा फोडतो.

म्हणून पाय टाकून नव्हे, पहार घेऊन तपासा. दर दोन पावलांवर हाताच्या जोराने पहार खाली दाबा. घट्ट जमिनीत ती वितीभर जाऊन अडते. आधी अडून मग एकदम सैल सुटली, की पापुद्रा संपला आणि गाळ लागला. तिथून दहा पावलं मागे हद्द धरा. लव्हाळा, पाणकणीस, बेशरम ही पाणथळ जागची झाडं दिसली तर आणखी सावध. पाणी रोज हटतं, नवा गाळ उघडा पडतो, त्यामुळे ही तपासणी दर आठवड्याला पुन्हा करावी लागते.

‘काटेरी तार मारा.’ नको. बारीक तार पळत्या घोड्याला दिसत नाही, आणि त्याच्या गुडघ्याखाली मांस नसतं. काटा थेट कातडीखालच्या नसांपर्यंत जातो. दोन फुटांवर एक आणि चार फुटांवर एक असे आडवे बांबू बांधा, त्यांवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या लावा.

‘गळ्यात दोर, ट्रॅक्टरने ओढ.’ दोराने श्वासनळी दबते, मानेचे मणके निखळतात. शेपूट किंवा पाय ओढला तरी तीच गत. गाळ खुराखाली हवा शिरू देत नाही, त्यामुळे पाय शोषल्यासारखा धरला जातो. ही पकड न सोडवता ओढलं तर पाय गाळात राहतो आणि सांधा सुटतो.

आधी १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करून पशुवैद्य बोलवा, कारण झटापट करणाऱ्या जनावराला गुंगी लागू शकते. नाकाखाली गवत भरलेलं पोतं सरकवा. माणसांनी फळ्या किंवा बाजेवर उभं राहायचं, पाठीच्या बाजूला. पायांच्या समोर कधीच नाही. एक इंची पाइप पायालगत खुरापर्यंत सारून पंपाने थोडं पाणी सोडा, म्हणजे पकड सुटते. मग चार इंच रुंद पट्टे, एक पुढच्या पायांमागून छातीभोवती आणि दुसरा मागच्या मांड्यांच्या पुढून. दोन्ही एकाच बाजूला घेऊन, जनावर कुशीवर कलवून, आठ-दहा जणांनी हळू, सपाट ओढत घट्ट जमिनीवर आणायचं. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला दोरावरचा ताण कळत नाही, हातांना कळतो.

बाहेर आल्यावर लगेच उठवू नका. अंग पुसून कोरडं करा, पोत्यांनी झाका, पाणी थोडंथोडं पाजा, खुराक देऊ नका. लघवी चहा-कॉफीच्या रंगाची झाली तर स्नायू फुटलेत, त्याच दिवशी सलाइन लागतं. नाकातोंडात गाळ गेला असेल तर पुढचे तीन-चार दिवस खोकला आणि ताप पाहत राहा.